जेवायला न बोलावणारे काका

त्या भांडणाला दोन हिवाळे उलटले, पण शिवांगीला ते अजून आठवतं. ऐकायचं नव्हतं तिला. पण अमेरिकेतल्या घरांच्या भिंती म्हणजे नावाला भिंती. पलीकडे शरयूकाकू नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, ती घरी चालली नाहीये. तुमच्या जेवणातून सुटून चाललीय."

मनोहरकाका उठून सरळ झोपायला गेले. हे फारच नवल.

शिवांगी तिथल्याच श्रूजबरी गावची, आईजवळ राहणारी. नर्स होतीच, आता ऑपरेशनच्या पेशंटला भूल द्यायचं शिकत होती. त्यासाठी तीन महिने एका दूरच्या हॉस्पिटलात जायचं होतं. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं, यंत्र तपासायचं, औषधं भरून ठेवायची, सातला पहिला पेशंट. घरून जायचं तर पावणेदोन तास गाडी, तीही बर्फातून. तिने तिथेच भाड्याची एक खोली बघून ठेवली होती. आईने, सुलेखाने, ती कॅन्सल करायला लावली. आपली माणसं असताना परक्याकडे कशाला?

आपली माणसं म्हणजे त्या हॉस्पिटलजवळ राहणारे मनोहरकाका. कंपनीतून रिटायर झालेले, मुलं लांब. तीस वर्षांत पुण्याहून, नागपूरहून जो कोणी नवा आला, त्याचे पहिले आठ दिवस काकांकडे. कोणाला गाडी शिकव, कोणाला कोट घेऊन दे. घासागणिक आग्रह, आणि ताट उचललं की गप्पा. शिवांगीने साडेआठला झोपायला हवं, तर दहा वाजता काका नव्याने चहा ठेवायचे. पोरीला "नको" म्हणता येईना. पैसेही घेत नव्हते ना, मग तोंड कसं उघडणार?

तिसऱ्या आठवड्यात, पेशंट टेबलावर असताना, तिचे डोळे मिटले. क्षणभरच. शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाहेर नेलं आणि शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर परत येऊ नकोस. त्या दिवशी शिवांगीने ठरवलं की घरूनच ये-जा करायची. रस्त्यावर झोप लागली तर काय, हा विचार तिने केला नाही. काकांना सांगितलं, आई एकटी पडते. मग संध्याकाळी भिंतीपलीकडे ते भांडण.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून ती बॅग घ्यायला आली तर काका दारातच बसलेले.

"बॅग ठेव. आजपासून मी तुझा काका नाही, घरमालक. घरमालक कोणाला जेवायला बोलावत नाही."

"आणि गप्पा?"

"रविवारी. तेही तू म्हणालीस तर."

शब्द पाळायला त्यांना किती जड गेलं, ते काकूच जाणोत. संध्याकाळी ताट झाकून ठेवलेलं असायचं, टीव्ही मुका. पण इतका आग्रह जाणार कुठे? तो हातात उतरला. पहाटे पावणेपाचला काका कानटोपी घालून बाहेर, तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत. बोलायचं मात्र नाही.

शिवांगीचा पुन्हा डोळा लागला नाही. बाईंनी शेवटच्या आठवड्यात तिच्या कागदावर चांगला शेरा लिहिला.

शेवटच्या दिवशी ती पहाटे सामान घेऊन बाहेर आली. गाडी सुरू होती, आत ऊब होती. रात्री बर्फ लोटणारी मोठी गाडी येऊन गेली होती. त्या गाडीने ड्राइव्हवेच्या, घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेच्या, तोंडाशी टाकलेला ढीग काका फावड्याने उपसत होते. शिवांगीने गाडीत बसून निरोप घ्यायला काच खाली केली.

काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं, बाजूला सरले आणि रोजच्यासारखा रस्ता मोकळा करून दिला.