टेपवाले चाचा आणि माझी सरासरी

आमच्या टेपवाल्या चाचांना जगातली कुठलीही गोष्ट मापल्याशिवाय पटत नसे, आणि मापल्यावर बहुतेक पटत नसे. मूल जन्माला येतं तेव्हा त्याच्या मुठी वळलेल्या असतात. चाचांच्या एका मुठीत टेपचं टोक असणार, याबद्दल मला शंका नाही. वडील नांदेडला शिंपी, आजोबा शिंपी, काका-मामा सगळे कात्रीवाले. हे एकटेच मॅट्रिकला दोनदा आपटी खाऊन, घरच्या मशीनला पाठ दाखवून दगडांच्या नोकरीत शिरले. पण येताना वडिलांचा पिवळा टेप गळ्यात घालून आले, तो काही परत काढला नाही. ईदच्या नव्या कुर्त्यावरही तो असे आणि दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसतानाही असे. त्यामुळे अनोळखी वऱ्हाडी मंडळी त्यांना कोपऱ्यात घेऊन ब्लाउजचं माप विचारत, आणि चाचा ते देतही.

उदगीरच्या बाजारात ते केळी मापून घेत. डझनाचा भाव त्यांना मान्यच नव्हता. डझन म्हणजे आकडा, आकड्याला काय लांबी असते, असं त्यांचं म्हणणं. केळीवाली बाई एकदा शांतपणे म्हणाली, "मोजा बाबा मोजा, केळाला बाह्या लावायच्या का कॉलर, ते बी सांगा." अहमदपूरच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबली की हे मिरची भजं घेत, बाहेरून मापत, मग फोडून आतली मिरची मापत, आणि हॉटेलवाल्याला पिठाचा आणि मिरचीचा हिशेब बोटांत सांगत. पुढे पुढे तो हॉटेलवाला बसच्या खिडकीत पिवळा टेप दिसला की भज्यांच्या परातीवर वर्तमानपत्र टाकू लागला. शाळेच्या एका समारंभात पाहुण्यांचं भाषण पाऊण तास चाललं. बाहेर पडताना मी म्हटलं, शेवटचं वाक्य मात्र फार सुंदर होतं. चाचा म्हणाले, "हाव, सुंदर हाय. आता ते एक वाक्य पाऊण तासावर पसर अन् बघ किती पातळ होतंय."

पसरून बघायची ही खोड मला पुढे फार नडली. मला बघायला आलेला मुलगा दोन मिनिटं इतकं गोड बोलला की मी विरघळले. चाचांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "बाकीचा वेळ काय करत होता?" मी म्हटलं, खात होता. चाचा नुसता टेप गुंडाळू लागले. लग्न मी त्याच मुलाशी केलं. इतक्या वर्षांचं सगळं एकत्र करून पाहिलं तर गोडी बेताचीच भरते, पण खाणं भरपूर भरतं.

आता थोडं माझ्याबद्दल. बाविसाव्या वर्षी मी फार हुशार होते. नंतर हळूहळू बरी झाले. लातूरच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मामांनी हैदराबादहून आणलेलं कॅल्क्युलेटर माझ्याकडे होतं. ते मी पर्समध्ये ठेवत नसे, हातात धरून चालत असे; लोकांना दिसलं पाहिजे ना. त्या कॅल्क्युलेटरच्या जोरावर मला उदगीरच्या एका कचेरीत तीन महिन्यांची हंगामी नोकरी लागली. गावाबाहेरच्या एका जांभ्या टेकडीत बॉक्साइट आहे का, हे बघायला तिथे भोकं पाडण्याचं काम चालू होतं. यंत्र खोल जाई आणि टेकडीच्या पोटातून दगडाची लांबच लांब कांडी बाहेर काढी. त्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, जिथे दगडाचा रंग-पोत बदलेल तिथे तोडायच्या, मापायच्या, अर्धा भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेला पाठवायचा, हे सगळं चाचांचं काम. प्रयोगशाळेतून प्रत्येक तुकड्यात किती टक्के माल आहे त्याचा कागद येई, आणि तिथून माझं राज्य सुरू होई.

तुकडे सगळे लहानमोठे. एक वीतभर, तर एक हातभर. त्यांच्यावरून अख्ख्या टेकडीचा अंदाज बांधायचा तर आधी सगळ्यांना एका मापात आणावं लागतं. म्हणून भोकाच्या तोंडापासून तळापर्यंत एक-एक मीटरचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक मीटरचा एक आकडा काढायचा. कचेरीत त्याला कॉम्पोझिट म्हणत. चाचा जोडकाम म्हणत. मी काहीच म्हणत नसे, मी बटणं दाबत असे. मीटरमध्ये दोन तुकडे आले तर दोन आकड्यांची बेरीज, भागिले दोन. तीन आले तर भागिले तीन. सत्तावीस भोकांचा तक्ता मी चार दिवसांत उडवला आणि पाचव्या दिवशी नखं रंगवली.

तक्ता बघून आमचे साहेब हरखले. टेकडी मालाने भरलेली निघाली होती. सोमवारी सकाळी ते स्वतः तक्ता घेऊन नागपूरला निघणार होते. तक्ता माझ्या हाती परत देताना म्हणाले, हे तिकडे पसंत पडलं की तुमचं पक्कं समजा. घरात माझ्या आधी कोणी बाईमाणूस पगाराला लागलेलं नव्हतं. मी त्या दिवशी आईला पत्र लिहिलं, त्यात 'पक्कं' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी सकाळी चाचा माझ्या टेबलापाशी आले. तक्त्याच्या एका ओळीवर टेपचं टोक ठेवून म्हणाले, "बेटा, ह्यो तुकडा वीस सेंटिमीटर हाय अन् ह्यो ऐंशी. तू दोघांना एकाच पाटावर बसवलीस की." वीसवाल्यात माल पन्नास टक्के होता आणि ऐंशीवाल्यात वीस टक्के. माझ्या हिशेबाने मीटरचा आकडा पस्तीस आला होता. मी त्यांना अत्यंत सोशिक स्वरात, म्हणजे आज ज्या स्वरात माझी नात मला मोबाइल शिकवते त्या स्वरात, सरासरी म्हणजे काय ते समजावलं. वर हेही सांगितलं की हे मॅट्रिकचं गणित आहे. ते मॅट्रिक नापास आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं.

चाचा गेले आणि चहा घेऊन आले. एका पेल्यात तळाला दोन घोट, साखर घालून पाक केलेला. दुसरा काठोकाठ, बिनसाखरेचा. त्यांनी विचारलं, दोन्ही एकत्र केले तर कितपत गोड होईल? मी म्हटलं, मध्यम. त्यांनी दोन्ही एका तांब्यात ओतले, ढवळले आणि माझ्यापुढे धरले. मी घोट घेतला. त्यात गोड म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी आणखी एक घोट घेतला, उगीच, गणित बदलेल या आशेने.

मग कॅल्क्युलेटर जवळ ओढलं. वीस गुणिले पन्नास, ऐंशी गुणिले वीस, बेरीज, भागिले शंभर. पस्तीसचे सव्वीस झाले. पुढची ओळ केली, तिथेही तेच. टेकडीतला चांगला दगड सगळा पातळ पट्ट्यांत होता. बोटभर पट्टीला मी हातभर दगडाइतका मान देऊन ठेवला होता. सगळं दुरुस्त केलं तर टेकडी साहेबांना नको होईल, हे मला दिसत होतं. टेकडी गेली की कचेरी बंद होणार होती, आणि मग माझ्या दोन रेघांना काही अर्थ उरत नव्हता. मी चाचांना म्हटलं, साहेबांनी तक्ता पाहिलाय, त्यांना पसंत आहे, आता आपण कशाला त्यात पडायचं?

चाचांनी टेपची घडी घातली आणि म्हणाले, "तुझी नोकरी जाईल बेटा. माझी बी जाईल. पन टेकडीत नसलेला माल आपन कागदावर कुठवर शिवत बसायचा?"

मी रडले. रुमाल नव्हता म्हणून कार्बन पेपरच्या हाताने डोळे पुसले आणि दिवसभर तोंडाला निळा रंग घेऊन हिंडले, कोणी सांगितलंही नाही. पण बसले कामाला. शनिवार दुपार आणि अख्खा रविवार आम्ही दोघं पेट्यांच्या शेडमध्ये होतो. कागदावरच्या लांबीवर चाचांचा विश्वास नव्हता, स्वतः लिहिलेली असूनसुद्धा. प्रत्येक तुकडा परत मापून ते ओरडून सांगत आणि मी गुणाकार करी. लाल जांभा संपून खाली पांढरी माती लागते तिथे ते हात आडवा धरत. लाल-पांढऱ्याची शिवण घालायची नाही, जोडकाम तिथेच थांबवायचं, मग मीटर पुरा होवो न होवो. हा माणूस भातावर वरणसुद्धा घालून घेत नसे, वरण संपलं की भात खाई. त्याच्यापुढे लाल आणि पांढरं एकत्र करायची माझी काय छाती?

एका पेटीत दगडाच्या ऐवजी लाकडाचा ठोकळा होता. तेवढ्या खोलीवर दगडाचा भुगा होऊन पाण्याबरोबर वाहून गेला होता, हाती काहीच आलं नव्हतं, म्हणून चाचांनी तेवढ्याच लांबीचा ठोकळा ठेवला होता. माझ्या तक्त्यात तिथे शून्य होतं. चाचांनी ते खोडायला लावलं. "आपल्या हाती लागलं न्हाई, म्हणून तिथं कायच नव्हतं असं कसं? जागा मोकळी ठेव. शून्य लिहू नक्को." मी खोडलं. त्या घाईत खोडरबराने कागद फाटला, तो चाचांनी मागून पट्टी लावून असा बेमालूम जोडला की शिंप्याच्या घराण्याचं नाव राहिलं.

सोमवारी सकाळी साहेब बॅग भरून तयार होते. नवा तक्ता पाहून आधी त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच टेकडीचा आला. मग त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता इतकंच. त्यांनी विचारलं, आधीच्या तक्त्यात चूक कोणाची? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात चाचा पुढे झाले आणि म्हणाले, "मापात माझी गफलत झाली होती साब. पोरीनं दुरुस्त केली." साहेबांनी चाचांना पाच मिनिटं सुनावलं. वयाचं काढलं, मॅट्रिकचं काढलं. आणि मी, गणितात पहिली आलेली, कॅल्क्युलेटर छातीशी धरून गप्प उभी राहिले.

टेकडी नापास झाली, दोन महिन्यांत कचेरी बंद झाली. मी लग्न करून शाळेत गणित शिकवू लागले, चाचा नांदेडला जाऊन घराण्याच्या मशीनवर बसले. शेवटच्या दिवशी पेट्या आवरताना त्यांनी तो ठोकळा माझ्या हातात ठेवला होता. म्हणाले होते, त्या सोमवारी तुझं काहीतरी सांगायचं राहिलं, तिथे ठेव. मी त्याचा अर्थ कळला नाही असं दाखवलं. हे दाखवणं मी पुढे चाळीसेक वर्षं चालवलं. ठोकळा घरी दाराला अटकण म्हणून वापरला, पापड लाटताना पोळपाटाखाली घातला, मुलांनी त्याची बस केली. चाचा दर दिवाळीला नांदेडहून बसने आमच्याकडे लातूरला येत, चकली उलगडून मापत, दाराशी वाकून ठोकळा बघत, आणि त्याबद्दल एक अक्षर काढत नसत.

गेल्या दिवाळीला ते आले नाहीत. गुडघ्यांनी बसची पायरी नाकारली. त्यांच्यासाठी दर दिवाळीला मांडतो ती खुर्ची माझी सून उचलायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, राहू दे. भाऊबीज होताच चकल्यांचा डबा आणि ठोकळा पिशवीत घालून मी नांदेडची बस धरली. नात म्हणाली, आज्जी, फोन कर ना. ती हल्ली भूगर्भशास्त्र शिकते. तिच्या लॅपटॉपवर हे जोडकाम एका बटणात होतं, कोणता तुकडा किती लांब, तेही ते यंत्र न सांगता हिशेबात धरतं. पण काही गोष्टी फोनवर सांगितल्या की उरतात.

चाचा खाटेवर बसले होते, बारीक झाले होते, टेप गळ्यात होता. मी पिशवी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर चहा आला असता आणि परत राहिलं असतं. "चाचा, त्या सोमवारी चूक माझी होती. तुम्ही बोलणी खाल्लीत आणि मी उभी राहून ऐकली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेप दोन्ही हातांनी जमेल तेवढा लांब ताणला. म्हणाले, "एवढं एक वाक्य अन् चाळीस वर्षांवर पसरलीस? किती पातळ केलीस गं." मला हसू आलं आणि कार्बन पेपर नसतानाही तोंड भिजलं. मी ठोकळा त्यांच्यापुढे ठेवला, म्हटलं, जागा भरली, आता हा तुमचा परत घ्या. त्यांनी तो उचलला, सवयीने मापला, आणि माझ्याच पिशवीत घातला.

"ठेव बेटा," म्हणाले. "पुढच्या दिवाळीला माझ्या खुर्चीवर ठेवायला लागंल. शून्य तेवढं लिहू नक्को."

मग त्यांनी डबा उघडला, एक चकली घेतली, आणि ती न मापताच खाल्ली.