विरजणखोलीत कोण जाणार

परवा उदगीरकडच्या एका डाळमिलवाल्याने मला फोनवर विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या खोलीत बायका चालतात का?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा घाबरून "मी आपलं सहज इचारलं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. पण हा प्रश्न त्याच्यापर्यंत कसा पोचला ते मला माहीत आहे, आणि ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

लातूरच्या एमआयडीसीत आमची पत्र्याची शेड आहे. बाहेरून ती डाळमिलचं गोडाऊन वाटते. मालकांच्या घरची डाळमिल भिंतीला भिंत लागून आहे, तेव्हा तसं वाटण्यात काही चूक नाही. आत मात्र आम्ही बुरशी वाढवतो. मुद्दाम, जपून, तिचे सगळे लाड पुरवून. हे सांगितलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग विचारतात, बुरशी कोण विकत घेतं? तुमच्या ताटातली तुरीची डाळ ज्यांनी भरडली, ते घेतात. तुरीचं साल दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं. ते सुटावं म्हणून मिलवाले पिढ्यान्‌पिढ्या तुरीला तेलपाणी लावत आले, वाळवत आले, घासत आले, आणि त्यात बरीचशी डाळ चुऱ्यात घालवत आले. आमची बुरशी एक एन्झाइम तयार करते, ते हा डिंक कापतं. ते पाण्यात कालवून तुरीवर फवारायचं, ढीग ताडपत्रीखाली झाकायचा, नंतर वाळवायचा, की साल सहज निघतं. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणतात. आमची गिऱ्हाइकं त्याला औषध म्हणतात.

ही बुरशी माझी आहे. नांदेडला शिकत होते तेव्हा जळकोटकडच्या एका डाळमिलच्या मागे कुजत पडलेल्या सालीच्या ढिगातून ती मी उचलून आणली. मूळची ती आळशी होती, कामापुरतंच एन्झाइम सोडायची. तिला मी अतिनील दिव्याखाली धरलं. बहुतेक पेशी मेल्या. ज्या वाचल्या त्यांतल्या काही बदलून वाचल्या होत्या. त्यांतली कुठली डिंक जास्त विरघळवते ते बघायचं, ती निवडायची, पुन्हा दिव्याखाली धरायची. वर्षानुवर्षं हेच. घरी मुरुडला वडील दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की आमची मुलगी नांदेडला शिकायलीय, आणि काय शिकते असं कुणी विचारलं की खोकला काढायचे.

कारखान्यातली सगळ्यात जपायची जागा म्हणजे कल्चर रूम. गव्हाचा कोंडा आणि तुरीची चुनी, म्हणजे भरडताना निघालेला चुरा, ओली करून मोठ्या आडव्या कुकरमध्ये वाफवायची, गार झाली की त्या खोलीत नेऊन तिच्यात बुरशीचं बीज मिसळायचं आणि ट्रेमध्ये पसरायचं. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर अख्खा लॉट फेकावा लागतो. आमच्याकडे त्या खोलीला सगळे विरजणखोली म्हणतात. मीही म्हणू लागले, सोयीचा शब्द आहे. पण विरजण म्हटलं की त्याच्यामागोमाग स्वयंपाकघर येतं आणि स्वयंपाकघरामागोमाग काय काय येतं, याचा मी विचार केला नव्हता.

त्या खोलीत माझ्यासोबत एकजण काम करायची. माहेर लोह्याकडचं, लग्न होऊन लातूरला आलेली. आली होती झाडलोटीला. पण काचेतून आत बघत उभी राहायची आणि नेमके प्रश्न विचारायची, म्हणून मी तिला आत घेतलं आणि शिकवलं. ट्रे भरताना ती अवाक्षर बोलत नसे. बाहेर आली की तोंडाचा पट्टा सुरू. वेळ अमावास्येनंतर विरजणखोली कायमची तिच्याकडे द्यायची असं मालकांनी कबूल केलं होतं. कायमची म्हणजे हजेरीवरची नव्हे, पगारी माणूस म्हणून. तिने तर तिचा पांढरा कोट टांगायला खुंटीसुद्धा ठरवून ठेवली होती.

आणि वेळ अमावास्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर शहरात चिटपाखरू उरत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात पूजेला पाच दगडांचे पांडव, जेवायला भज्जी, उंडे, मडक्यातलं ताकाचं आंबिल. मालक दरवर्षी कारखान्यातल्या सगळ्यांना आपल्या शेतात नेतात, आणि नेतात म्हणजे अगदी प्रेमाने नेतात, ते खोटं बोलता येणार नाही. त्या सकाळी एक लॉट लावायचा होता. तो उद्या लावू, असं मी म्हटलं. मालक म्हणाले, लावूनच जाऊ. कोंडा कुकरमध्ये चढला. बाहेर टेम्पोत बायका-पोरं बसलेली, हॉर्न वाजतोय, मालकांच्या आई, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, त्या टेम्पोतूनच ओरडताहेत की पूजेचा टाईम चालला. वाफेवर मालकांचा भाचा होता. मी आत बीज तयार करत होते. मालकांनी त्याला सांगितलं, "बस झालं, काढ आता." वाफ अर्ध्यावर असतानाच त्याने काढलं. हे मला नंतर कळलं, त्याच्याच तोंडून, आणि त्यालाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. गार झालेला कोंडा माझ्या विरजणखोलीतल्या सोबतिणीने ट्रेमध्ये भरला आणि आम्ही शेतात गेलो.

शेतात ती कोपीजवळ आली नाही. लांब बाभळीखाली बसली, पूजा झाल्यावर कुणीतरी तिला पत्रावळ नेऊन दिली. का, ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना कळलं.

परत आलो आणि पुढच्या दोन दिवसांत ट्रेवर केशरी बुरशी चढली. ही जात मला माहीत आहे. जळलेल्या उसावर येते, चिपाडावर येते. हिचे बीजाणू अर्धवट वाफेने मरत नाहीत, उलट जागे होतात. सकाळी एका कोपऱ्यात दिसते, संध्याकाळपर्यंत ट्रेच्या कडा ओलांडून शेजारच्या ट्रेवर. मी भाच्याला विचारलं, त्याने सरळ सांगून टाकलं. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. केबिनमध्ये अव्वा बसलेल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात चहा. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तिला पॅकिंगला घ्या. विरजणखोलीत आता भाचा बसंल."

"का?"

मालकांनी अव्वांकडे पाहिलं. अव्वा म्हणाल्या, "शिवायचं नसताना शिवली की ती. आंबिलाचं मडकं बी आपण त्या दिवसात शिवू देत न्हाई. हे तर लाखाचं विरजण."

मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी म्हटलं, "अव्वा, आपल्या लिंगायतांत विटाळ नसतो. गळ्यात लिंग बांधलं की कसला विटाळ, हे माझे आजोबा गिऱ्हाइकांना उभं करून सांगायचे. जन्म, मरण, पाळी, जात, उष्टं, ही पाची सुतकं आपल्या शरण संतांनी मोडीत काढली."

"ते पुस्तकात हाय पोरी," अव्वा शांतपणे म्हणाल्या. "घरात लोणचं नासतंय."

मी वाफेचं सांगितलं. मालक म्हणाले, "ते बी असंल." ते बी! ज्या माणसाने स्वतःच्या तोंडाने वाफ बंद करायला लावली त्याच्यासाठी वाफ 'ते बी', आणि जिने सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलं तिची पाळी हे मुख्य कारण. आणि वाफ अर्धी सोडणाऱ्याला बक्षीस म्हणून विरजणखोली.

मी म्हटलं, सिद्ध करून दाखवते. मालक कबूल झाले, त्यांना माझी बुरशी हवी होती. कोंडा एकच, पाणी एकच, बीज एकच. एका हिश्शाला पूर्ण वाफ दिली, दुसऱ्याला येळवशीला दिली होती तेवढीच. दोन्ही हिस्से तिच्याकडूनच भरून घेतले. ती भरत असताना मालक काचेबाहेर उभे होते. दोन दिवसांनी पूर्ण वाफेच्या ट्रेवर माझी काळी बुरशी गालिच्यासारखी पसरलेली, आणि दुसऱ्यावर केशरी.

मालकांनी दोन्ही ट्रे निरखून पाहिले. "पटलं," ते म्हणाले. "वाफच कमी पडली व्हती."

मी हुश्श करणार तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण मॅडम, राग मानू नका. ह्या बारीला ती अडचणीत व्हती का?"

"नव्हती."

"मग कसं कळंल? तुम्हीच सांगता ना, एका टायमाला एकच गोष्ट बदलून बघायची. ती तर बघायचीच ऱ्हायली. पुढच्या महिन्यात तिची अडचण आली की एक लॉट लावू. तुम्हीच इचारा तिला, बाईमाणसानं इचारलेलं बरं."

माझंच वाक्य. कामगारांना शिकवताना मी ते इतक्यांदा म्हटलंय की भाच्यालाही पाठ आहे. ते असं माझ्यावर उलटलेलं पाहून मला तो ट्रे त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. म्हणजे आता मी जाऊन तिला विचारायचं, तुझी तारीख कधी. मग ती तारीख कारखान्याला कळणार, तिच्या पाळीचा लॉट लागणार, भाचा काचेतून बघणार, आणि एवढं करून कोंडा नीट आला तर तिला नोकरी. या बाईने असा काय गुन्हा केला होता?

"तिला विचारायची गरज नाही," मी म्हटलं. "माझी चालू आहे. आत्ता. हे बीज कालवलं तेव्हाही होती."

मालकांचा चेहरा पडला. मागे उभ्या भाच्याने घाईघाईने मोबाईल काढला.

"आणि ऐका. नांदेडला मी ही बुरशी घडवली तेव्हा महिन्याच्या महिन्याला मी बाईच होते. त्या दिवसांत सुट्टी घेतली असती तर ही जन्मालाच आली नसती. फ्रीजमध्ये जी मूळ नळी आहे, जिच्यावर तुमचा कारखाना चालतो, ती विटाळाचीच आहे. ओता गटारात. चला, मी उघडून देते."

 मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमची गोष्ट येगळी हाय मॅडम. तुम्ही शिकलेल्या."

शिकलं की रक्त येत नाही असं या माणसाला वाटतं काय? मी त्यांना सांगितलं की सोमवारपासून विरजणखोलीत ती नसेल तर मीही नसेन, आणि माझ्याबरोबर फ्रीजमधल्या नळ्याही नसतील, त्या कागदावर कुणाच्या आहेत ते वकील बघून घेतील. मालक व्यापारी माणूस. अव्वांची समजूत घरी घालता येते, बुरशी बाजारात मिळत नाही, एवढा हिशोब त्यांना लगेच जमला. सोमवारी ती आत गेली. खुंटीला तिचा कोट लागला. भाचा पुन्हा वाफेवर गेला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, ते एक बरंच झालं.

मी खूश होते. स्वतःवर तर फारच. घरी बहिणीला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी ती विरजणखोलीच्या दाराबाहेर उभी दिसली. मास्क लावलेला, कोट घातलेला, पण उंबऱ्याच्या आत पाय नाही. मी आतून खूण केली. ती आली नाही. बाहेर जाऊन विचारलं तर खाली बघत म्हणाली, "मॅडम, आज दुसऱ्या कुणाला पाठवता का? मला अडचण हाय."

"पोट दुखतंय का? घरी जा मग."

"न्हाई, दुखत न्हाई. पण खरंच काही झालं तर? तुम्ही माझ्यासाठी एवढं भांडलात. लॉट गेला तर तुमचं तोंड कुठं ऱ्हाईल?"

मालकांना मी गप्प केलं होतं. अव्वांना उलट उत्तर दिलं होतं. हिला काय सांगायचं ते मला सुचेना. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना. तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. मी तिचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. "काही होत नाही. तू स्वतः पाहिलंयस काय झालं होतं ते. भर."

ती भरू लागली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, बहुधा देवाचं नाव. कोपर कडेला लागलं आणि भरलेला ट्रे ओट्यावरून घसरून जमिनीवर पालथा झाला. कोंडा, बीज, सगळं फरशीभर. ती मटकन खाली बसली आणि मास्कमधूनच म्हणाली, "बघा मॅडम. म्हणलं व्हतं ना मी."

काचेबाहेर भाचा उभा होता. संध्याकाळच्या आत ही गोष्ट अव्वांच्या चहाबरोबर वाढली जाणार, तिथून डाळमिलमध्ये आणि डाळमिलमधून गिऱ्हाइकांत जाणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

मी तिला उठवलं नाही, समजावलंही नाही. रिकामा ट्रे काढला, तिच्या पुढ्यात आदळला आणि म्हटलं, "भर."