जोडाला लावलेलं नाक

"लाव नाक. तुम्हा लोकांची नाकं सुकटीत वाढलेली. त्यांना काय होतंय?"

साहेब आपल्याच मुलखातले, पुण्याचे. मास्क त्यांच्या तोंडावर, मीटर त्यांच्या पट्ट्याला, आणि पाइपच्या जोडावर वाकलेला मी. सगळे फिदीफिदी हसले. माझी कानशिलं तापली, तरी वास घेतला.

सौदीतल्या जुबैलचा कारखाना. इथं स्टायरीन बनतं. थर्मोकोल, चहाचे पांढरे कप त्याच्यापासूनच होतात. वास गोडसर, डोक्यात चढणारा, आणि ठिणगी पडली की वाफ भडकते. गळती शोधायला मीटर असतं, पण ते लावून थांबायला वेळ कुणाला? हेल्पर स्वस्त. मी हुंगायचं, वास नसला तर "नाही साहेब" म्हणायचं, मग वेल्डर ठिणगी पाडणार. माझं नाव कुणी घेत नसे. "नाकवाल्याला बोलवा," एवढंच.

एका जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, खोलीवर बांगडे तळत होतो. शेजारच्या खोलीतला श्रीवर्धनचा इस्माईल धावत आला. "अरे, आग लावतोस काय? कढई जळतेय!"

मी कढईपाशीच पाठ करून उभा होतो. मला कसलाच वास आला नव्हता. अम्मीनं पाठवलेल्या सुकटीची पिशवी फोडली, तोंड खुपसलं. काही नाही. कोकणातल्या माणसाला सुकटीचा वास येईना! पिशवी हातात धरून रडलो. मग घाम फुटला. वास कधीपासून येत नव्हता? किती वेळा मी उगीचच "नाही साहेब" म्हणालो होतो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच जोड. केरळचा वेल्डर जॉर्ज तयारीत उभा.

"यल्ला, चल, वाक," साहेब म्हणाले.

वाकलो नाही.

"माझं नाक मेलंय साहेब. मीटर लावा."

"नाटकं नकोत. इकामा हवाय ना तुला? परवान्याशिवाय इथं राहशील कसा?"

"मग तुम्ही लावा नाक. मास्क काढून."

साहेब मागं सरकले. म्हणजे या वासानं नाक मरतं, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! माझं डोकं भणभणलं. जॉर्जकडे वळून ओरडलो, "मत जला भाई! मेरी नाक मर गई है!"

जॉर्जनं हातातलं खाली ठेवलं. साहेबांना पट्ट्याचं मीटर काढावंच लागलं.

उद्या कफील, माझ्या व्हिशाचा मालक, मला घरच्या विमानात बसवेल. बसवू दे. घरी खाणारी तोंडं आहेत, ते मलाही कळतं. पण नाक अल्लानं दिलंय, कंपनीनं नाही. मी वाकणार नाही. आणि माझ्या जागी ज्याला आणतील, त्याला इस्माईलकरवी का होईना, आधी गाठून सांगणार आहे: वाकू नकोस. मीटर माग.