‘नाव तुमचं आहे, तुम्ही विचारा’ : कुमुदताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त

अॅडव्होकेट कुमुदताई साठ्ये यांची आणि माझी पहिली भेट कसबा पेठेत, त्यांच्या दारात झाली, आणि ती जवळजवळ भांडणानेच सुरू झाली. मी तेव्हा घरोघर पार्सल पोचवायचो. दार उघडल्याबरोबर नेहमीसारखा म्हणालो, "ओटीपी सांगा."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत ताई म्हणाल्या, "आधी आपलं नाव सांगा. माझं नाव, पत्ता, फोन, सगळं तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये आहे. तुमचं मला काहीच ठाऊक नाही. हा कुठला न्याय?"

मी वैतागून म्हणालो, "गजानन."

"बरं, गजानन. आता घ्या ओटीपी. आणि पाणी पिऊन जा, ऊन फार आहे."

यवतमाळकडून पुण्यात आल्यापासून मला कुणी ‘अरे’च्या वरचं काही म्हटलं नव्हतं. जाताना दारावरची पाटी वाचली तर बाई वकील! खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘सल्ल्याचे पैसे नाहीत. ठरलेली वेळ चुकवू नये.’

या गौरवग्रंथात ताईंच्या वकिलीबद्दल मोठी मोठी माणसं लिहितील. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पण समितीने विचारलं तेव्हा मी एका दमात हो म्हणालो, कारण जे मला सांगायचं आहे ते माझ्यावर गुदरलेलं आहे. ओमानमध्ये ड्युटी सुटल्यावर कॅम्पच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर लिहितोय. चुका झाल्या असतील तर संपादकांनी सुधाराव्यात, ताईंना मात्र दाखवू नयेत.

पार्सलचं काम सोडून मी हिंजवडीला हाउसकीपिंगला लागलो होतो. नोकरी एका माणसं पुरवणाऱ्या कंपनीची. घेताना त्यांनी आधार, पॅन, पासबुक, फोटो, सगळं घेतलं. पुढे मला ओमानचं काम लागलं. व्हिसा तयार झाला आणि फक्त पोलीस क्लिअरन्सचा कागद यायचा राहिला. आणि नेमका तेव्हाच परराज्यातल्या पोलिसांचा फोन आला. माझ्या नावावर घेतलेल्या सिमवरून कुणीतरी तिकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना फसवलं होतं! मी त्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो. खोलीत राहणाऱ्या, त्याच कंपनीतल्या इतरांनाही अनोळखी माणसांचे फोन येत होते, आणि त्या माणसांना आमच्या बापाची नावंसुद्धा माहीत. मग ऑफिसातल्याच एकाकडून कानावर आलं, कंपनीच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी डल्ला मारून आमची सगळी कुंडली पळवली होती.

माझ्या नावावर गुन्हा चिकटला असता तर क्लिअरन्स गेला, म्हणजे ओमान गेलं. माझा खोलीतला दोस्त प्रल्हाद म्हणाला, "गज्या, नंबर फेकून दे अन् गावाले पळ." मी पळालो, पण कसबा पेठेत.

ताईंनी मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला? "जेवलात का?" दुसरा प्रश्न, "खोलीत अजून किती जणांचं असं झालंय? सगळ्यांना घेऊन या. भीती वाटतेय म्हणून कुणालाही नवे कागद पाठवू नका. आधार पाठवा, तुमचं नाव चोरीला गेलंय का ते तपासून देतो, असं सांगणारे आता उगवतील." आणि खरंच, तसा मेसेज आमच्या ग्रुपवर येऊन पडला होता, आणि आमच्यातल्या दोघांनी फोटो काढून ठेवले होते, पाठवायचेच बाकी होते!

दुसऱ्या दिवशी, उशिरा पोचल्याबद्दल मी बोलणी खाल्ल्यावर, ताईंच्या दिवाणखान्यात आमची शाळा भरली. ताई स्वतः कुणाच्याही मोबाईलला हात लावत नव्हत्या. ज्याचा त्याने चालवायचा. आधारला बोटांच्या ठशांचं कुलूप घालायला लावलं. बँकेला कळवायला लावलं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारी साइटवर दिसतं, हे आम्हाला तिथे कळलं. माझ्या नावावर दोन निघाली, त्यातलं एक माझं. दुसऱ्यापुढे ‘हे माझं नाही’ असं बटण होतं. ते दाबायच्या आधी मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "दाबा, दाबा. खोटं थोडंच सांगताय?"

त्याच दुपारी गावाहून आईचा फोन आला. पोलीस तिथल्या ठाण्यातही चौकशी करून गेले होते. आई रडत होती. ताईंनी फोन मागून घेतला.

"बाई, माह्या पोरानं कोनाचं काही घेतलं नाही ना वो?"

"आई, तुमच्या पोराने कुणाचं काही घेतलेलं नाही. त्याचं नाव कुणीतरी नेलंय. ते आपण परत आणतोय. आणि तुम्ही शेजाऱ्यांनाही असंच सांगा, मान खाली घालून नाही."

वकिलाचं काम कोर्टात असतं असं मी समजत होतो. माझ्या आईची गावातली मान सांभाळणं हेही त्यात येतं, हे ताईंकडे बघून समजलं.

तक्रार द्यायला ताई आमच्याबरोबर आल्या. हवालदार म्हणाले, "डेटा कंपनीतून गेलाय ना? मग कंपनीकडे जा." ताई शांतपणे म्हणाल्या, "घरमालकाच्या निष्काळजीपणामुळे चोरी झाली तर चोरीची तक्रार घरमालकाकडे करायची का? लिहून घ्या आणि शिक्क्याची प्रत द्या. आम्ही बसतो." आणि त्या खरोखर बसल्या, पिशवीतून विणकाम काढून! प्रत मिळाली.

पण परराज्यातले पोलीस विचारत होते, तुझे कागद कंपनीतूनच गेले कशावरून? कंपनी तर काही बोलायलाच तयार नव्हती. शिवाय तिने सगळ्यांपुढे एक इंग्रजी कागद ठेवला होता, सही केली तर ड्युटी चालू. प्रल्हाद सही करणारच होता. ताई म्हणाल्या, "जरूर करा. आधी मराठीत ऐका." आणि वाचून दाखवलं, "मला काहीही त्रास झालेला नाही, पुढे झाला तरी मी तक्रार करणार नाही." प्रल्हादने पेनाला टोपण लावलं.

मग ताई गुडघे दुखत असताना मला आणि प्रल्हादला घेऊन बसने हिंजवडीला, कंपनीच्या ऑफिसवर आल्या. गेटवर मला म्हणाल्या, "आत मी बोलणार नाही. नाव तुमचं आहे, तुम्ही विचारा. माझं काय काय तुमच्याकडे होतं, ते कधी गेलं, आणि मला का सांगितलं नाही. कायद्याने हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घाबरलात तरी चालेल, थांबू नका."

कंपनीच्या साहेबांच्या एसी केबिनमध्ये मी अडखळत तिन्ही प्रश्न विचारले. साहेब ताईंकडे बघून म्हणाले, "मॅडम, आम्ही सगळ्यांना ईमेलने इन्फॉर्म केलंय. सिस्टममध्ये रेकॉर्ड आहे."

ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मीच म्हणालो, "सर, कोणत्या ईमेलवर?"

त्यांनी स्क्रीन वळवली. माझं नाव, पुढे आकडे. "हा काय, तुझाच."

आता खरी गंमत ऐका. नोकरीला लागताना कंपनीच्याच माणसाने आम्हा सगळ्यांचे ईमेल काढले होते, फॉर्म पुढे सरकावा म्हणून. आम्हाला कुणी पासवर्ड सांगितलाच नव्हता. आम्हीही विचारला नव्हता. ईमेलचं आम्ही करणार काय?

मी म्हणालो, "सर, याचा पासवर्ड काय आहे?"

साहेबांनी दार उघडून बाहेर आवाज दिला, "अरे, हाउसकीपिंगच्या पोरांचे पासवर्ड कुणाकडे असतात?"

कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्याकडेच असतात ना!"

तेव्हा ताईंनी त्या दिवशीचं पहिलं वाक्य उच्चारलं. "म्हणजे तुम्ही तुम्हालाच कळवलंत. पोचलं ना व्यवस्थित?"

प्रल्हाद इतका मोठ्याने हसला की सिक्युरिटीवाला आत डोकावला!

साहेबांचा सूर तिथेच बदलला. कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मिळालं, की गजाननचे अमुक कागद आमच्याकडे होते आणि ते आमच्याकडून चोरीला गेले. तो कागद तक्रारीच्या प्रतीला जोडून ताईंनी परराज्यातल्या पोलिसांना धाडला. त्यांनी माझा जबाब घेतला, आरोपी म्हणून नव्हे, ज्याचं नाव वापरलं गेलं तो माणूस म्हणून. क्लिअरन्स आला. मी तो घेऊन ताईंकडे धावत गेलो. त्यांनी वाचला, माझ्या नावावरून एकदा बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "छान. आता विमानात तरी लवकर पोचा."

माहिती नीट न सांभाळल्याबद्दल कंपनीकडून भरपाई मागायचा आमचा अर्ज ताईच चालवतात. निकाल अजून लागायचा आहे. फोन केला की म्हणतात, "तारीख पडली आहे, मी पडलेली नाही."

गेल्या आठवड्यात आमच्या कॅम्पमधल्या एका नेपाळी पोराला एजंटचा फोन आला, पासपोर्टचा फोटो लगेच पाठव म्हणून. त्याने मला विचारलं, "भैया, भेज दूँ?" मी म्हणालो, "पहले पूछ, किसलिए चाहिए और कौन रखेगा." त्याने विचारलं. पलीकडून फोन कापला गेला. तो पोरगा मोबाईलकडे बघून हसला, आणि शेजारच्या खोलीत सांगायला पळाला.

ताई, असे फोन अजून पुष्कळ कापले जायचे आहेत. त्यासाठी आपल्याला ठणठणीत प्रकृती लाभो, गुडघ्यांनी साथ द्यावी, शंभरीच्या पुढेही आपला आवाज असाच खणखणीत राहो, आणि रागवायला आमच्यासारखी पोरं आपल्याला कधीच कमी पडू नयेत!