भिंतीवरचा चौकोन

सन दोन हजार अठरा. माझं वय बहात्तर, शाळा दुसरीपर्यंत, आणि तोरण्याच्या पायथ्याला माझ्याइतका हेकट माणूस न्हाई हे मीच लोकांना सांगत असे. पण डासांचा ध्यास म्हणाल, तर आमच्या हिवतापवाल्याइतका तो साऱ्या दुनियेत कुणी घेतला नसेल. आरोग्य खात्याचा हा वाळका गडी दर पंधरवड्याला वेल्ह्याहून एसटीनं यायचा आणि घरात शिरला की माणसांआधी रांजणाला रामराम करायचा. बॅटरी मारून पाण्यात बघायचा. कुणी प्यायला तांब्या दिला तर त्यातही बॅटरी. डासाला तो 'बाई' म्हणायचा. "चावती ती बाईच, आबा. अंड्यांसाठी तिला रगात लागतं. बाप्या बिचारा झाडपाल्याचा रस पिऊन गप बसतो." पासली गावच्या एका लग्नात पंगत बसायच्या आत त्यानं मांडवातली तीन पिंपं पालथी केली, आणि हळदीच्या नवरदेवाचा हात गरम लागला म्हणून बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घेतला. नवरदेव उन्हानं तापला होता. हा म्हणाला, काच तपासून येईल, तवर अक्षता टाकायला हरकत न्हाई.

भेट दिली की दाराशेजारी गेरूनं आखलेल्या चौकोनात तारीख टाकायची, ही त्याची रीत. माझ्या भिंतीवर सरकारनं का लिहावं? मी चुना फासायचो, तो पुन्हा चौकोन आखायचा. वर्षानुवर्षं हेच. आणि बोट तर म्या त्याला कधीच दिलं न्हाई.

त्या साली भातलावणी उरकली आणि मला हुडहुडी भरली. चार घोंगड्या पांघरल्या तरी बाज खडखडत होती. मग अंग भाजलं, घाम फुटला, आणि दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत शेतावर. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाज पुन्हा वाजली. नेमका हिवतापवाला दारात. त्यानं माझं बोट धरलं, आणि थरथरत्या माणसाला बोट सोडवून घेता येत न्हाई. रक्तात हिवतापाचे किडे निघाले. चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ताप पळाला, तशा उरलेल्या गोळ्या म्या फडक्यात बांधून भाताच्या कणगीत ठेवल्या. चांगलं बियाणं पुढच्या सालाला राखतात, तसं औषधही राखावं, एवढंच माझं डोकं.

दिवाळी झाली आणि बाज परत वाजली. रक्तातले किडे मेले तरी लिव्हरात निजलेले उरतात, अन् त्यांच्यासाठीच त्या बाकीच्या गोळ्या व्हत्या, असं हिवतापवाला कपाळाला हात लावून म्हणाला. मी म्हणालो, बहात्तर वर्षं जगलो, मेलो तर मेलो. त्यानं सोप्यातल्या झोळीकडं बघितलं. तिच्यात माझी दीड महिन्याची पणती निजली होती.

"तुमचं तुमी मरा, आबा. पण आज बाई तुमाला चावली तर तुमचा किडा पोटात घिऊन जाईल, थोड्या दिसांत पिकवंल, अन् त्या झोळीत नेऊन सोडंल. मग पोरीला काय सांगशीला, माझी भिंत लई पांढरी व्हती?"

मी कणगीतलं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खिशात घातलं आणि नव्या गोळ्या काढल्या. महिनाअखेर त्याची नोकरी संपणार होती. राहिलेले चौदा दिवस तो रोज सकाळी माझ्यासमोर बसला. तोंड उघडा, जीभ वर करा. मीही पेटलो. चौदाव्या दिवशी तो फाट्यावर दिसला तेव्हाच मी ओट्यावर तोंड उघडून बसलो होतो. दोन दिवसांमागं नेलेल्या काचेत एकही किडा सापडला न्हाई, आणि झोळीतली पोर गार अंगानं पाय झाडत होती. साऱ्या आळीला ऐकू जाईल असं मी म्हणालो, "बघ, हेकट माणसानंच हिवताप हाकलला." तो म्हणाला, "दोन हेकटांनी, आबा."

त्यानं चौकोनात तारीख टाकली. म्या तांब्या पुढं केला. त्याचा हात खिशाकडं गेला आणि थांबला. "बॅटरी काल हापिसात जमा केली," तो म्हणाला. तांब्यात जरा वेळ नुसताच बघत राहिला आणि मग सगळं पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या रांजण आणि पिंपं ओतली, काथ्यानं घासली, उन्हात पालथी घातली, आणि चौकोनात त्याच्या तारखेखाली माझ्या दुसरीतल्या आकड्यांनी त्या दिवसाची तारीख टाकली.