आतली काडी

बाभळीच्या डिंकाचा वास आला की मला दिग्रसमधली ती दुपार आठवते. त्या वर्षी कापूस बुडाल्यामुळे समोरचा कापसाचा जिनिंग कारखाना बंद होता आणि गल्ली इतकी गप्प होती की भिंतीवरची पाल चाललेलीही ऐकू यावी. मी कार्बनच्या अतिशय बारीक नळीवर प्रबंध लिहीत होते. एवढी अरुंद नळीही टिकते आणि धातूसारखी वीज वाहून नेते, असं माझं गणित सांगत होतं. आईला ते दाखवायला मी कार्बनच्या अणूंच्या जाळीसारखे षटकोन काढलेला कागद झाडूच्या काडीभोवती घट्ट गुंडाळून डिंकानं चिकटवला. वाती वळता वळता आई म्हणाली, "आतली काडी काढून पाय बरं, मंग सांग टिकते का थे." मी काडी ओढली. वारा नव्हता, वीज गेल्यानं पंखाही बंद होता. तरी ती नळी टेबलावर झोपेत कूस बदलावी तशी हळूहळू उलगडत गेली आणि मला माझं गणित आठवलं. त्यातले अणूही मी पहिल्यापासून असेच जागेवर बांधून ठेवले होते. संध्याकाळी वीज आल्यावर संगणकात ते मोकळे सोडले, तर पडद्यावरची नळीही तशीच, त्याच बाजूनं उलगडली. आता एखादी विद्यार्थिनी तिच्या गणितातल्या रचनेबद्दल "टिकते, मॅडम" म्हणाली, की माझ्या तोंडून आईचाच आवाज निघतो, "आतली काडी काढली का?"