एकीच्या बाजूचे भावजी

ये, अशी जवळ सरक. लग्नकार्यात भेटलीस की गळ्यात पडतेस, पण आम्ही टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून एकदा तरी फिरकलीस का? ते राहू दे. तुला आमच्या जुन्या चाळीतल्या, समोरच्या खोलीतल्या भावजींचं सांगायचंय. अख्ख्या मुंबईत डावं-उजवं न मानणारा एवढा एकच माणूस असेल. काळाचौकीत टपाल वाटण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यातून एकच गोष्ट हाडात मुरली: रस्त्याच्या एका अंगाला एकीचे नंबर, एक-तीन-पाच, दुसऱ्या अंगाला बेकीचे, दोन-चार-सहा. देवानं जगसुद्धा असंच मांडलंय अशी त्यांची खात्री. कुणी पत्ता विचारला की म्हणत, "बेकीच्या बाजूनं सरळ जा, दवाखाना लागला की एकीला ओलांड." तो बिचारा मान डोलवून दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जाई. आमच्या गल्लीत गाड्याही तारखेच्या एकी-बेकीनं लावायच्या, आज या अंगाला तर उद्या त्या. त्याची राखण भावजींनी आपणहून अंगावर घेतलेली. एकतीस तारीख आली की चहा अर्धा टाकून जिन्यात उभे राहत आणि खाली ओरडत, "उद्यापण एकीच आहे रे. गाडी हलवलीस तर दंड भरशील." स्वतःकडे साधी सायकल नव्हती.

माझे यजमान हॉस्पिटलात होते तेव्हाची गंमत ऐक. खाट चौदा. बेकी म्हणजे समोरची रांग, हे भावजींचं ठरलेलं. तिथं खाटा सरळ ओळीनं मोजलेल्या. भावजी भलत्याच माणसाच्या उशाशी बसले, त्याला शहाळं पाजलं, वर "दाढी वाढवलीस, ओळखू येत नाहीस" म्हणाले. चूक कळल्यावर ओशाळले. पण त्या माणसाला भेटायला कुणीच येत नव्हतं, म्हणून रोज दोन शहाळी न्यायला लागले.

चाळीत त्यांची खोली सतरा, माझी अठरा. मधे पॅसेज, दारं समोरासमोर आणि दिवसभर उघडी. त्यांची बायको गेली, पाठोपाठ माझे यजमान गेले, तरी एकटं असं वाटलं नाही. मी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले ते त्यांनी आपल्या खुर्चीतूनच पाहिलं, म्हणून आज ही बडबड करतेय. चाळ पाडायचं ठरलं तेव्हा दोघांनाही धास्ती एकच, दारं लांब गेली तर?

नव्या टॉवरमधल्या फ्लॅटांच्या सोडतीत त्यांना अकराशे सात निघाला, मला अकराशे आठ. भावजींनी चाळभर पेढे वाटले. "वहिनी, एकी-बेकी समोरासमोर. अक्कल आहे हो कुणाला तरी." टॉवर झाल्यावर चावी घेऊन वर गेलो, तर नंबर लिफ्टभोवती गोल फिरलेले. सात कोपऱ्याच्या अलीकडे, आठ वळणापलीकडे. भिंत एक, पण दाराला दार दिसत नाही. भावजींनी आपल्या दारात उभं राहून समोर पाहिलं. समोर आग विझवायची लाल नळी. "इथं टपाल वाटायचं तरी कसं?" म्हणाले आणि आत गेले.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक झाली. तीनदा. मी लाटण्यानं दोनदा वाजवलं. तेव्हापासून रोज सहाला ते एकीनं विचारतात, मी बेकीनं सांगते, आहे म्हणून.

परवा दोनच ठोके आले. मी थांबले. तिसरा येईना. त्यांची दुसरी चावी माझ्याकडे असते, ती घेऊन अनवाणी धावले. भावजी भिंतीला टेकून खाली बसलेले, अंग तापानं फणफणलेलं. "तिसऱ्यापुरता जोर नव्हता, वहिनी," म्हणाले, "पण म्हटलं, दोनावर तुम्ही याल."

आता त्यांच्या पोटात पेज टिकते. मी मात्र पावणेसहापासूनच भिंतीला हात लावून उभी असते. तू ये गं, या आठवड्यातच ये. दोनच माणसांत दिवस फार लांबतो.